एका ग्रंथीचे क्षेमकुशल

गेल्या डिसेंबरातली गोष्ट आहे. मिरजेच्या एका दवाखान्यात आईचा नंबर 27 होता आणि आत 19 चालू होता. बाकावर आमच्या एका बाजूला अथणीकडून आलेले कुटुंब कानडीत हळू आवाजात काही हिशेब करत होते, दुसऱ्या बाजूला कवठेमहांकाळच्या एक आजी फडक्यातली भाकरी मोडून खात होत्या, आणि फिनेलच्या वासात ट्रंकेतून नुकत्याच बाहेर काढलेल्या स्वेटरांचा डांबरगोळ्यांचा वास मिसळून गेला होता. आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी आधी रिपोर्ट पाहिला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी आईची नाडी पाहिली, तिला दोन्ही हात पुढे धरायला लावले, तिच्या पापण्या आणि भुवया निरखल्या, मग तिला खुर्चीवर गुडघे टेकवून उभे केले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल झटकन खाली गेले आणि तितक्याच झटकन जागेवर आले. डॉक्टरांना बहुधा तेच पाहायचे होते. ते टेबलाशी गेले आणि फाइलमध्ये त्यांनी दोन शब्द लिहिले : क्लिनिकली युथायरॉइड. आईला चष्मा लावूनही ते अक्षर लागेना. तिने विचारले, “डॉक्टर, हे काय लिहिलंत?” ते म्हणाले, “युथायरॉइड. म्हणजे थायरॉइड एकदम नॉर्मल. सगळं छान आहे, आजी.” त्यावर आई म्हणाली, “थायरॉइड छान आहे ते कळलं. मी कशी आहे?”

डॉक्टर हसले, मीही हसले, आणि बाहेर 28 नंबर पुकारला गेला.

परतीच्या रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मिरज मागे पडले, सांगलीतले विश्रामबाग आले, तेव्हा बाहेर पाहत ती म्हणाली, “मी विनोद केला नव्हता.” मला काही उत्तर सुचले नाही. माझी हयात मुद्रितशोधनात गेली आहे. एखादा शब्द खटकला की तो कोशात पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. हा शब्द तर दोन प्रकारे खटकत होता. एक म्हणजे त्याचा अर्थ मला नीट सांगता येत नव्हता, आणि दुसरे म्हणजे तो मी पूर्वी कुठेतरी ऐकला होता, अशा जागी की जिची आठवण मनाने बाजूला सारून ठेवली होती.

आईचे दुखणे मुळात हळदीच्या आड दडून राहिले होते. माझे आजोबा हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते, त्यामुळे हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून आणि वासावरून माल ओळखण्याची विद्या आईला परकर-पोलक्याच्या वयातच मिळाली. दर वर्षी नवी हळद आली की ती स्वतः जाऊन राजापुरी हळकुंडे आणते, गच्चीवर ऊन दाखवते, गिरणीवाल्याच्या डोक्यावर उभी राहून दळून घेते आणि घरी वस्त्रगाळ करते. फाल्गुन-चैत्रात तिचे तळवे पिवळे असायचेच. त्याकडे लक्ष देण्याची आम्हा कोणालाच सवय नव्हती. तीन वर्षांपूर्वी मात्र आषाढ आला, कृष्णेला पाणी आले, आयर्विन पुलाशी माणसे पाणी पाहायला जमू लागली, तरी आईचे तळवे पिवळेच होते. शेजारच्या काकूंनी काविळीचे निदान करून टाकले आणि गळ्यात घालायची काविळीची माळ आणून देण्याची तयारीही दाखवली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग स्वच्छ होता. “कावीळ नाही,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी भलतेच प्रश्न विचारायला सुरुवात केली : थंडी जास्त वाजते का, आवाज कधीपासून बसला, पोट साफ होते का, भुवयांचे बाहेरचे केस पूर्वीपासूनच विरळ आहेत का. गाजर, पपई, पालेभाज्यांतून जे पिवळे द्रव्य पोटात जाते त्याचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व व्हायला थायरॉइडचा हातभार लागतो. ती ग्रंथी मंदावली की ते रंगद्रव्य रक्तात साचते आणि तळव्यांवर उमटते, डोळ्यांत मात्र उतरत नाही, हे मला त्या दिवशी कळले. सांगलीत पिवळ्या हातांचा अर्थ हळदीपलीकडेही असू शकतो, हे मान्य करायला आम्हाला पावसाळा उजाडावा लागला होता. आम्ही वयाचा परिणाम, स्वभावातला फरक, बाबांच्या जाण्याचे दुःख अशी एकेक कारणे लावून तिच्या मंदावण्याला समजून घेत बसलो होतो. 1873 साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांमध्ये चेहरा जड होणे, आवाज बदलणे आणि मन सुस्तावणे यांची नोंद केली, तेव्हा त्यांनाही समोर आधी माणूसच बदललेला दिसला असणार. ग्रंथीचा संशय नंतरचा.

रक्ततपासणीत टीएसएच 41 आला. लॅबच्या कागदावर शेजारीच साधारण 0.4 ते 4 अशी मर्यादा छापलेली होती. आईने कागद उलटसुलट करून विचारले, “एवढा जास्त थायरॉइड?” मी तिला सांगू लागले की हे संप्रेरक थायरॉइडचे नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे आहे, ती थायरॉइडला काम करायला सांगते, आणि थायरॉइडचे काम जितके कमी पडते तितका तिचा तगादा वाढतो. आईने मला मध्येच थांबवले. “म्हणजे मुकादम,” ती म्हणाली. “हमाल जागचे हलले नाहीत की मुकादमाचा आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. काम नीट चाललं की तो तंबाखू मळत बसायचा.” तेव्हापासून आमच्या घरात टीएसएचला मुकादम म्हणतात. दर तपासणीनंतर आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मुकादम किती ओरडला?” डिसेंबरात तो 2.6 वर होता. मुकादम तंबाखू मळत बसला होता.

युथायरॉइड या शब्दाचा पहिला अर्थ एवढाच. मुकादम शांत आहे.

शब्द फोडला की तो फार सोज्ज्वळ निघतो. त्यातला ‘यु’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ चांगला, नीट, योग्य असा आहे. आपल्या संस्कृतातल्या ‘सु’चा तो दूरचा भाऊ आहे असे भाषाशास्त्र सांगते. सर्दी झाली की गरम पाण्यात ज्याचे चार थेंब टाकतो त्या निलगिरीच्या शास्त्रीय नावात, युकॅलिप्टसमध्येही, तोच ‘यु’ आहे : ज्याची कळी टोपणाने नीट झाकलेली आहे तो. म्हणजे सुगंध, सुकाळ, सुवार्ता या आपल्या घरच्या शब्दांच्या पंक्तीला युथायरॉइड बसू शकतो. मराठीत आणायचा तर सु-अवटू म्हणता येईल, आणि असे म्हणताक्षणी माझ्यातली मुद्रितशोधक जागी होते, कारण अवटू हा शब्दच मोठा चमत्कारिक आहे. शाळेच्या पुस्तकात आपण थायरॉइडसाठी अवटू ग्रंथी असे पाठ केले. पण अमरकोशात अवटु, घाटा, कृकाटिका हे शब्द एका ओळीत येतात ते मानेच्या मागच्या भागासाठी. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी बसलेली ग्रंथी, आणि तिचे नाव मानगुटीचे. संस्कृतात अवट म्हणजे खड्डा किंवा विवर असाही अर्थ आहे, आणि तो वाचल्यावर मला हरिपूरची पेवे आठवली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल पेवे खणून त्यांत हळद भरून ठेवत, तोंड बंद करून वर माती सारत, आणि आत ती वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. आजोबांबरोबर लहानपणी पाहिलेले एक उघडे पेव आईला अजून आठवते : वरून दिसायला नुसते एक भोक, आणि आतून येणारा उबदार, मातकट, जड वास. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरायचे नाही, आधी हवा खेळू द्यायची, हा तिथला नियम होता. ग्रंथी या शब्दाला असलेल्या गाठीच्या अर्थापेक्षा मला हा पेवाचा अर्थ जास्त पटतो. थायरॉइड खरोखरच साठा करून ठेवणारी ग्रंथी आहे. तिच्यातल्या बारीक पिशव्यांत कित्येक आठवडे पुरेल एवढा माल भरून ठेवलेला असतो.

ग्रीकांनी तिच्याशेजारच्या कूर्चेला ढालीची उपमा दिली होती आणि 1656 साली इंग्लंडच्या थॉमस व्हार्टन यांनी ढालीचे तेच नाव ग्रंथीलाही दिले. या गृहस्थांना ग्रंथीचे काम ठाऊक नव्हते. त्यांनी जे तर्क केले त्यांत एक असाही होता की तिच्यामुळे गळ्याला गोलाई आणि शोभा येते, आणि म्हणूनच स्त्रियांच्या गळ्यात ती मोठी असते. हे वाचताना मला माझी आजी, आईची आई, आठवून हसू आले. आजी जावळीच्या डोंगरातली. तिच्या गळ्याला लहान आंब्याएवढे गलगंड होते. काही लोक त्याला गंडमाळा म्हणत आणि आजी चिडे, कारण गंडमाळा म्हणजे मानेतल्या क्षयाच्या गाठी, आणि तसले दुखणे आपल्या घराण्यात नाही असे ती ठासून सांगे. लग्नातली ठुशी तिला चाळिशीनंतर कधी घालता आली नाही. ती लांब बोरमाळ घालायची आणि पदर असा घ्यायची की गळा अर्धा झाकला जावा. लोणच्याला तिला खडेमीठच लागे. आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतात हे दाखवले गेले, पुढे 2006 पासून देशभर खायला आयोडीनयुक्त मीठच विकायचे असे ठरले. आजीचा गळा त्याआधीच्या काळातला. पण गंमत अशी की एवढे मोठे गलगंड घेऊन आजी पहाटे चारला उठायची, जात्यावर ओव्या म्हणायची, चौऱ्याऐंशीव्या वर्षी जिना चढायची. एकदा मामाने तिला साताऱ्याला दाखवून आणले तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले होते, गाठ मोठी आहे, काम चोख आहे. ते काय म्हणत होते हे मला आता कळते. वैद्यकात या अवस्थेला युथायरॉइड गॉयटर म्हणतात, म्हणजे ग्रंथी सुजलेली पण रक्तातले संप्रेरक योग्य. आजीचा गळा सु नव्हता, रक्त सु होते.

हा शब्द वापरात कुठे कुठे जातो ते पाहू लागले तसतशी मी थक्क होत गेले. ज्याची थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकली आहे आणि जो संप्रेरकाच्या गोळीवर आहे, त्याचा रिपोर्ट नीट आला की तोही युथायरॉइड. ग्रंथी नसलेला माणूस सुग्रंथी! म्हणजे हा शब्द ग्रंथीचे वर्णन करत नाही. तो रक्तातल्या एका पातळीचे, आणि डॉक्टर ‘क्लिनिकली’ हे विशेषण जोडतात तेव्हा त्यांनी डोळ्यांनी आणि हातांनी पाहिलेल्या काही खुणांचे वर्णन करतो. नाडी, कातडी, आवाज, टाचेवरच्या शिरेचे परत येणे. थायरॉइड मंदावलेल्या माणसाचे पाऊल हातोडीनंतर खाली जाते, पण परत यायला रेंगाळते. आईचे तीन वर्षांपूर्वी असे रेंगाळले होते की जणू तिला विचारून मग परत आले. आता ते रेंगाळत नाही. शब्द खरा आहे. त्याने जेवढे बोलायचे कबूल केले आहे तेवढेच तो बोलतो, आणि माझ्या धंद्यात अशा शब्दाला मी मान देते.

रस्त्यावरची भाषा नेमकी उलट्या टोकाला आहे. आमच्या गल्लीत “तिला थायरॉइड आहे” असे म्हणतात. वस्तुतः थायरॉइड सगळ्यांनाच आहे, जसे यकृत आहे, जशी जीभ आहे; पण शुगर, बीपी आणि थायरॉइड या तिन्ही शब्दांनी आपल्याकडे नुसत्या असण्यालाच आजार करून टाकले आहे. “थायरॉइड निघाला”, “थायरॉइड वाढला”, “आमच्या सुनेचा थायरॉइड आहे म्हणून अजून पाळणा हलेना” अशी वाक्ये हळदीकुंकवात ऐकू येतात, आणि त्यांत ‘कमी’ आणि ‘जास्त’ हा भेद कोणी करत नाही. हार्मोन्स या शब्दाची तर याहून वाईट गत आहे. 1905 साली लंडनमधल्या व्याख्यानांत शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो प्रथम वापरला; केंब्रिजच्या एका भोजनात त्यांना नवा शब्द हवा होता आणि तिथल्या ग्रीकच्या जाणकाराने ‘चेतवणे, हलवून जागे करणे’ अशा अर्थाचे क्रियापद सुचवले, असे सांगतात. मराठीने त्याचे संप्रेरक असे सरळ, सुरेख रूप केले. पण घराघरांत त्याचा उपयोग असा : बाई चिडली, हार्मोन्स. बाई रडली, हार्मोन्स. बाई गप्प बसली, तरी हार्मोन्सच. आईचा रिपोर्ट 41 आला तेव्हा माझ्या भावाने मोठ्या समजूतदारपणे म्हटले होते, “तरीच ती एवढ्यातेवढ्याने बोलायची.” त्याला आपल्या आईच्या तीन वर्षांच्या सगळ्या तक्रारींची एकदम सोडवणूक सापडली होती. मला तेव्हा ते खटकले नाही, हे लिहिताना आज मला बरे वाटत नाही. कारण मलाही ती सापडली होती.

आणि मग गोळीने 41 चे 2.6 झाले, तेव्हा तक्रारी आपोआप संपायला हव्या होत्या असे आम्ही दोघांनी मनात धरले होते.

त्या काही संपल्या नाहीत. बऱ्याच गेल्या, हे मान्य करायला हवे. आवाज सुटला, पोट ताळ्यावर आले, तळवे पुन्हा माणसाच्या रंगाचे झाले, जूनमध्ये अंगावर शाल घेऊन बसणे थांबले. 1891 साली न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइड मंदावलेल्या 46 वर्षांच्या एका बाईला उभे केले आणि ती त्यानंतर 28 वर्षे जगली. तिच्या घरच्यांना जे वाटले असेल त्यातले थोडे आम्हीही अनुभवले. पहाटे साडेपाचला घरात बाटलीचे झाकण फिरवल्याचा आवाज होतो, 75 मायक्रोग्रॅमची एक पांढरी टिकली पाण्याबरोबर जाते, आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास आई चहाच्या भांड्याकडे पाहत बसते, कारण चहाने गोळी नीट शोषली जात नाही. तेवढ्या वेळात ती रेडिओ ऐकते आणि मुकादमाला शिव्या घालते. पण दुपारी तिला गळून गेल्यासारखे होते. शब्द ओठांवर येऊन थांबतात. आणि जी गोष्ट ती सगळ्यात शेवटी, जरा लाजत सांगते ती ही, की हळदीचा वास पूर्वीसारखा येत नाही. थायरॉइड मंदावल्यावर चव आणि वास बोथट होतात हे खरे. ती नीट झाल्यावर ते परत यायला हवेत. आईच्या म्हणण्याप्रमाणे ते परत आले, पण पूर्ण आले नाहीत. उसने दिलेले भांडे टवका उडून परत यावे तसे, असे ती म्हणते. गोळी घेणाऱ्या शंभरातल्या पाच-दहा जणांना रक्त नीट झाल्यावरही बरे वाटत नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते. त्यांच्यापैकी कोणाचे कारण दुसरेच निघते, कोणाला वय, कोणाला एकटेपण, कोणाचे रक्त कमी. आईचे हिमोग्लोबिन, बी-12 सगळे पाहून झाले होते.

मिरजेत सितारमेकरांच्या गल्लीतून जाताना मला या प्रश्नाची एक बाजू दिसली. एका दुकानाच्या ओट्यावर एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे आवाज खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासत, बसले होते. तारा सुरात होत्या. शेजारी बसलेल्या मुलाच्या मोबाइलवरचा ट्यूनर तसे हिरव्या दिव्याने सांगतही होता. पण आवाज बसका होता, तार छेडली की सूर येई आणि तिथेच विझे. त्यांनी तार सैल केली, घोडीच्या पृष्ठभागावरून कानस दोनदा, अगदी पुसल्यासारखी फिरवली, तार पुन्हा चढवली, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणला, आणि एकाएकी तोच सूर, तेवढ्याच उंचीचा, मधमाश्यांचे पोळे जागे व्हावे तसा गुंजू लागला. ट्यूनरचा दिवा आधीही हिरवा होता आणि नंतरही हिरवाच. मुलाने मोबाइल खिशात घातला. मी आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग त्या डॉक्टरांना विचार, दोरा कुठं सरकवतात.”

हा शब्द मी आधी कुठे ऐकला होता ते मला याच सुमारास आठवले. सहा वर्षांपूर्वी बाबा न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होते. रोज तपासण्यांचे कागद येत, आणि एका कागदावर थायरॉइडचे आकडे खाली गेलेले होते. मला वाटले, आता हेही. तिथल्या तरुण डॉक्टर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्याची काळजी करू नका. याला सिक युथायरॉइड म्हणतात. थायरॉइड चांगला आहे, आजारी ते आहेत.” शरीर मोठ्या आजारात सापडले की आकडे असे हलतात, ग्रंथीत मात्र दोष नसतो; हल्ली काही जण तिथे ‘थायरॉइडबाह्य आजार’ असा शब्द पसंत करतात, आणि तो अधिक बरा आहे हे मला मुद्रितशोधक म्हणून पटते. पण त्या रात्री मी तो जुना शब्दच ऐकला होता. आजारी-सुग्रंथी. बाबा पाचव्या दिवशी गेले. त्यांची थायरॉइड शेवटपर्यंत चांगली होती. मिरजेच्या दवाखान्यात आईने “मी कशी आहे?” असे विचारले तेव्हा मी हसले खरी, पण आत कुठेतरी त्या काचेच्या दाराशी उभी होते.

मध्यंतरी मी एका वैद्यांची छोटी पुस्तिका तपासत होते. पहिल्याच पानावर सुश्रुताची निरोगी माणसाची व्याख्या होती आणि जुळणी करणाऱ्याने तिची दुसरी ओळ चुकवली होती, म्हणून मी ती अक्षर न् अक्षर वाचली. समदोषः समाग्निश्च समधातुमलक्रियः, ही पहिली ओळ : दोष, अग्नी, धातू, मलांच्या क्रिया, सारे समतोल. प्रसन्नात्मेन्द्रियमनाः स्वस्थ इत्यभिधीयते, ही दुसरी : ज्याचा आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न आहेत त्याला स्वस्थ म्हणावे. जुने ते सगळे आपल्याकडे होतेच, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. सुश्रुताला टीएसएच मोजता येत नव्हता आणि आईचे तळवे त्याच्या श्लोकाने गोरे झाले नसते. पण चुकलेला ‘न्द्रि’ दुरुस्त करताना मला एवढे दिसले की युथायरॉइड हा शब्द पहिल्या ओळीतला आहे, समाग्नीच्या घरातला. दुसऱ्या ओळीतले इंद्रियांचे प्रसन्न असणे, म्हणजे हळदीचा वास पूर्ण येणे, त्याच्या हद्दीत नाही आणि तो तसा दावाही करत नाही. “सगळं छान आहे” हे डॉक्टरांनी तोंडाने जोडले होते. फाइलमध्ये त्यांनी ते लिहिले नव्हते.

हे मी आईला सांगितले. फाइल काढून ते दोन शब्द दाखवले, अर्थ लावून दिला. तिने बराच वेळ त्या अक्षराकडे पाहिले आणि म्हणाली, “मग त्यांनी खोटं लिहिलं नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता, दिवाणजींच्या मुलीला वहीतली नोंद बरोबर असल्याचे जे समाधान असते ते होते.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी गणपती पेठेत गेलो होतो. नवी हळद यायला अजून अवकाश होता आणि घरातली संपत आली होती, म्हणून आई नाइलाजाने एका दुकानात तयार हळद पाहत होती. दुकानदाराने चमचाभर कागदावर काढून पुढे केली. आईने चष्मा सरकवला, कागद नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसले जे ती घरी लपवते. तिने कागद माझ्यापुढे धरला. “मला काही येत नाही,” ती म्हणाली. मी वास घेतला. मलाही फारसा काही आला नाही, रंगाचा यावा तितकाच. पण माझ्या नाकाचे काय, मी काही पेठेत वाढलेली नाही. आम्ही दोघी त्या कागदावरच्या पिवळ्या ढिगाकडे पाहत उभ्या राहिलो. तेवढ्यात आईने दुकानदाराला विचारले, “ही कधीची?” तो जरा चुळबुळला. “मागल्या सालची आहे, काकू. त्याच्याही आधीची थोडी मिसळलेली असंल.”

आईने कागद दुमडून त्याला परत दिला आणि नवे हळकुंड सौद्याला कधी येते ते विचारून घेतले.